भुकेले जीवाणू

ॲट्राझिन हे तणनाशक मुरलेल्या मातीच्या कुंड्यांत मी सुरुवातीला युरिया घालत होते. ते फोडून माती स्वच्छ करणाऱ्या जीवाणूंना बळ मिळेल असं वाटलं. चूक होती ती! या तणनाशकाच्या एका रेणूत नायट्रोजनचे 5 अणू असतात, आणि स्यूडोमोनाससारखे काही जीवाणू त्यासाठीच तो रेणू फोडतात. नायट्रोजन आयता मिळाला तर ते कशाला कष्ट घेतील? आता मी कर्बासाठी पेंढा मिसळते, ओल टिकवते, हवा खेळावी म्हणून माती हलवते.

डीडीटी या कीटकनाशकाचं दुखणं वेगळंच. हवेशीर मातीत त्याचं डीडीई नावाचं दुसरं रसायन होतं आणि ते चिवटपणे टिकून राहतं. त्यामुळे ‘डीडीटी घटलं’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही. पुढच्या नमुन्यांत मी दोन्ही मोजणार आहे.