गगनबावड्याचे कडे टिपायचे तर दुपार गाठा

कोल्हापुरातून डोंगराचे फोटो काढायला निघणारे बहुतेकजण पहाटेच गाडी काढतात. गगनबावड्याला हा हिशेब उलटा बसतो. सह्याद्री इथे कोकणाच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला तुटतो. सूर्य उगवतो देशावर, आपल्या पाठीमागे, आणि कड्यांची तोंडं दुपारपर्यंत सावलीत राहतात. सकाळी मिळतो तो काळा कातळ, वर पांढरंफटक आभाळ आणि खाली दरीत धुकं. धुक्याचेच फोटो हवे असतील तर खुशाल जा.

आम्ही दोघं नोव्हेंबरच्या मध्यावर, घरून जेवून बाईकवर निघालो. कळे, साळवण करत गगनबावडा ५५ किलोमीटरच्या आसपास. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं एकच: गळीत हंगाम सुरू असतो, उसाच्या ट्रॉल्यांमुळे दीड तासाचे दोन तास सहज होतात. गावात चहाला थांबलो तर टपरीवाल्या मावशी आमच्या बॅगा बघून म्हणाल्या, "सकाळी आला असता तर नुसतं धुकं बघून माघारी गेला असता बघा. आता जावा, ऊन पडलंय कड्यावर."

गगनबावड्यातून कोकणात दोन घाट उतरतात. करूळ घाट वैभववाडीला जातो, भुईबावडा घाट खारेपाटणच्या बाजूला. करूळवर वाहतूक जास्त. फोटोसाठी मला भुईबावडा बरा वाटतो, रस्ता अरुंद असला तरी शांत आहे. मात्र पावसाळ्यात दरडी येतात, मध्येच कामं निघतात आणि यातला एखादा घाट बंद असू शकतो. निघण्याआधी गावात कुणाला तरी विचारून घ्या.

तीन वाजल्यानंतर कडा खरा दिसू लागतो. हा सगळा लाव्हाचा दगड, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेला. समोरून ऊन असलं की भिंत सपाट दिसते. तिरकं ऊन आलं की एकेक थर सुटा होतो, दोन थरांमधल्या अरुंद पट्टीवर वाळलेलं गवत सोनेरी पेटतं. नोव्हेंबरात सूर्य नैर्ऋत्येला मावळतो, म्हणून वायव्येकडे तोंड असलेल्या भिंतींवर असं तिरकं ऊन मिळतं. एप्रिल-मेमध्ये सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो, तेव्हा नैर्ऋत्येच्या भिंती बघाव्यात. पण तोवर हवेत इतका धुरकटपणा येतो की पलीकडची रांग पुसल्यासारखी होते. पाऊस संपल्यापासून डिसेंबरपर्यंतची हवा सगळ्यात स्वच्छ.

काळा कातळ फ्रेमभर असला की कॅमेरा फसतो, त्याला उजळवून राखाडी करतो. एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप (स्टॉप म्हणजे उजेड मोजायचं एकक) खाली घ्या. आभाळावर पक्षी असेल तर उलट, एक स्टॉप वर. हा बदल सेकंदात करावा लागतो, तेव्हा कॅमेऱ्यावरची एक्स्पोजरची चकती अंगठ्याला पाठ असू द्या.

आता पाखरं. दुपारी कोकणातून वर येणारा वारा कड्याला थडकून सरळ वर चढतो आणि शिकारी पक्षी पंखही न हलवता त्यावर तरंगतात. मजा अशी की काठावर उभं राहिलं की ते आपल्या नजरेच्या पातळीवर किंवा खाली असतात. एरवी गरुडाचं पोट दिसतं, इथे पाठ दिसते. तुरेवाला सर्पगरुड आधी ऐकू आला, मग दिसला. खरूची (केस्ट्रेल, छोटा ससाणा) हिवाळ्यात येते. ती वाऱ्यात एका जागी लटकून खालच्या गवतात भक्ष्य शोधते, त्यामुळे नवशिक्यालाही फोकस करायला वेळ मिळतो. पाकोळ्यांचं तसं नाही. कड्यावरच्या त्या तपकिरी पाकोळ्या वळताना शेपटी पसरतात तेव्हाच तिच्यावरचे पांढरे ठिपके दिसतात. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहून हळू ठेवलं तर हाती नुसता धूसर डाग.

शाहीन ससाणा शोधायचा तर आभाळात बघत बसू नका. दुर्बिणीने कातळावर पांढरे ओघळ शोधा. विष्ठेचे असे ओघळ जिथून सुरू होतात, ती त्याची किंवा दुसऱ्या एखाद्या शिकारी पक्ष्याची रोजची बैठक. आम्हाला तो एका कपारीत बसलेला दिसला, बराच लांब. फोटो ओळख पटण्यापुरता आला. जवळ जाण्याचा मोह आवरा. हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्यापर्यंत या कपारींत घरटी असतात आणि घाबरून उडालेल्या पक्ष्यामागे अंडी उघडी पडतात.

ड्रोनही नको. परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय या भिंतींवर आग्या मोहळं लटकलेली असतात. ती उठली तर घाटात पळायला जागा नाही. मोहळ दिसलं की सिगारेट, धूर, अत्तर, आरडाओरडा सगळं बंद. माकडांना बिस्किटं देणाऱ्यांची हौस मात्र कुणी फिटू देऊ नये. बिस्किटांच्या आशेने माकडं रस्त्यावर बसतात आणि गाड्यांखाली येतात.

कठड्याच्या बाहेर जाऊ नका. वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाटीवर, जांभ्याची कड भुसभुशीत असते आणि वाळलेलं गवत बुटाखाली तेलासारखं सरकतं. ट्रायपॉड लावलात तर बॅग त्याला अडकवा, वारा जोराचा असतो. घाटात मोबाईलची रेंज भरवशाची नाही. गगनगडावर जाणार असाल तर तिथे गगनगिरी महाराजांचा मठ आहे, कॅमेरा काढण्याआधी विचारा.

ज्यांना सकाळचंच ऊन हवं त्यांनी पन्हाळा धरावा, कोल्हापूरपासून २० किलोमीटर. सज्जा कोठीच्या बाजूचा कडा पूर्वेला आहे, त्यामुळे तिथे पहाटे निघाल्याचं सार्थक होतं. जुलै २०२५ मध्ये गड जागतिक वारसा यादीत आला, म्हणून गर्दीचा रविवार टाळा.

गगनबावड्याहून परतताना सहाच्या सुमारास सूर्य जातो आणि लगेच अंधारतं. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. सावकाश या, बाईकवर असाल तर जर्किन सोबत ठेवा.