छपाईच्या आधीचे काम : आमची वाटचाल

नाशिकच्या सातपूर भागातल्या एका लहानशा गाळ्यात आमचा सब्लिमेशन छपाईचा, म्हणजे मग, टी-शर्ट, जर्सी यांवर उष्णतेने चित्र उतरवण्याचा, व्यवसाय चालतो. त्याआधी मी शहरातल्या एका ऑफसेट छापखान्यात डीटीपीचे काम करीत असे, आणि लग्नपत्रिका, पावतीपुस्तके व संस्थांचे वार्षिक अहवाल हेच माझे रोजचे जग होते. नोटा आणि टपालाची तिकिटे जिथे छापली जातात त्या नाशिकमध्ये छपाईतल्या जाणत्यांना तोटा नाही. त्यामुळे स्वतःचे काही सुरू करायचे तर मोठ्या यंत्रांच्या वाटेला न जाता कमी भांडवलात उभे राहील असे काम निवडणे भाग होते. सब्लिमेशनला एक प्रिंटर, उष्णता देऊन दाबणारा एक सपाट हीट प्रेस, मगसाठी वेगळा मग प्रेस आणि संगणक एवढे पुरते. मात्र जे आम्हाला परवडले ते इतरांनाही परवडते. आज तीच यंत्रे, तीच शाई आणि तोच कागद घेऊन बसलेली दुकाने रविवार कारंजापासून सिडकोपर्यंत दिसतात. अशा धंद्यात टिकायचे ते आर्टवर्कच्या, म्हणजे छपाईसाठी चित्र व मजकूर तयार करण्याच्या, बळावर, हे आमचे पहिल्यापासूनचे मत होते आणि म्हणूनच बिलात आर्टवर्कचे पैसे आम्ही सुरुवातीपासून वेगळे लावले. ‘फोटो तर आम्हीच दिला, मग डिझाइनचे कसले पैसे?’ हा प्रश्न आजही ऐकावा लागतो. त्याचे उत्तर सविस्तर द्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

या पद्धतीत शाई थेट वस्तूवर लागत नाही. आधी ती खास कागदावर उलटी छापली जाते आणि मग तो कागद वस्तूवर दाबून साधारण २०० अंश सेल्सियसपर्यंतची उष्णता दिली जाते. कापूर जसा पातळ न होता थेट हवेत उडून जातो, तसा या शाईतला रंग घनरूपातून सरळ वायुरूप होतो आणि पॉलिएस्टरच्या धाग्यात किंवा मगवरच्या पॉलिमरच्या थरात शिरतो. कापडाला जेमतेम मिनिटभर पुरते, मगला दोन ते तीन मिनिटे लागतात. रंग धाग्याच्या आत बसत असल्याने तो धुण्याने जात नाही आणि हाताला लागतही नाही. जुन्या नाशकात रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, उडी घेऊन आलेल्या टी-शर्टांवरही मंडळाचे नाव जसेच्या तसे राहते. बाकीच्या टी-शर्टाचे काय होते, ते नाशिककरांना सांगायला नको. सुती कापडात मात्र हा रंग टिकत नाही, त्यामुळे कापड कोणते आहे हे विचारल्याशिवाय आम्ही फाइल उघडतच नाही.

ऑफसेटमधून आलेल्या माणसाला इथे काही सवयी सोडाव्या लागतात. तिथे प्रत्येक फाइल सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळा व काळा या छपाईच्या चार रंगांत) करून द्यायची, हा नियम अंगवळणी पडलेला असतो. सब्लिमेशनच्या प्रिंटरमध्येही त्याच चार रंगांची शाई असते, परंतु आमच्यासारख्या लहान प्रिंटरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर) फाइल आरजीबीमध्ये, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरवा-निळा या रंगांत, मागतो आणि रंगांचे रूपांतर प्रोफाइलच्या (त्या शाई-कागदासाठी ठरवलेल्या रंगांच्या हिशेबाच्या) आधारे स्वतः करतो. आधीच सीएमवायके केलेली फाइल त्याला दिली, तर भगवा, पोपटी आणि गडद निळा यांची चमक पहिल्याच रूपांतरात गेलेली असते आणि ती नंतर कोणत्याही उपायाने परत येत नाही. शिवाय कागदावर उमटलेली प्रिंट पाहून काहीच ठरवता येत नाही, कारण तिथे सगळे रंग मळकट दिसतात आणि काळा तर राखाडी-तपकिरी वाटतो; खरा रंग उष्णता मिळाल्यावरच खुलतो. त्यामुळे आमच्याकडे पडद्यावर किंवा कागदावर रंग पसंत करण्याची पद्धतच नाही. प्रत्येक कापडावर व मगवर रंगांचे क्रमांक घातलेले चौकोन छापून आम्ही तक्ते केले आहेत, आणि ग्राहकाने त्यातल्या चौकोनावर बोट ठेवले की तेच आकडे फाइलमध्ये जातात. शाई, कागद किंवा कापड यांपैकी एक जरी बदलले, तरी तक्ता नव्याने छापतो.

पांढऱ्या रंगाविषयी तर प्रत्येक नव्या ग्राहकाला समजावून सांगावे लागते. या शाईत पांढरा रंग नसतो. फाइलमध्ये जिथे पांढरे आहे तिथे काहीच छापले जात नाही आणि मागचे कापड दिसते. पिवळ्या जर्सीवर पांढरी अक्षरे मागितली तर ती पिवळीच राहतील, आणि निळी मागितली तर हिरवट दिसतील, कारण शाई पारदर्शक असते. म्हणून पिवळी जर्सी हवी असली तरी आम्ही पांढरे कापड घेऊन त्यावर पिवळा रंगच छापतो आणि अक्षरांपुरती जागा कोरी सोडतो.

ही कोरी जागा सोडण्यात देवनागरीची खरी परीक्षा होते. वायुरूप रंग कडेने किंचित पसरतो, त्यामुळे गडद पार्श्वभूमीवरची बारीक पांढरी रेघ आणखी बारीक होते. इंग्रजी अक्षरे त्यातूनही निभावतात. मराठीत अनुस्वाराचा ठिपका बुजला तर पाठीवरच्या ‘शिंदे’चे ‘शिदे’ होते, आणि ‘भ’ची गाठ भरली की त्याचा ‘म’ वाटू लागतो. म्हणून आम्ही अशा अक्षरांना बारीकशी पांढरी कड देऊन ती जाड करतो, अनुस्वार व रफार हाताने मोठे करतो आणि ठळक असले तरी आतल्या पोकळ्या अरुंद असलेले फॉन्ट टाळतो. दुसरी अडचण फॉन्टच्याच घराण्याची. कुणी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्ट-पद्धतीत टाइप करून पाठवतो, कुणी युनिकोडमध्ये, आणि एका संगणकावर नीट दिसणारी जोडाक्षरे दुसऱ्यावर फुटतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. यावर उपाय एकच : मजकूर ग्राहकाकडून तपासून घेतल्यावर सगळी अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे चित्रासारख्या रेषांमध्ये, बदलायची आणि मगच फाइल पुढे द्यायची. कर्व्ह केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी लागते.

फोटोंचा प्रश्न मुख्यतः व्हॉट्सॲपने येणाऱ्या चित्रांचा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू सर्वसाधारणपणे १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. प्रत्यक्ष आकाराला इंचामागे ३०० पिक्सेल धरले, तर एवढ्यातून साडेतेरा सेंटिमीटरची स्वच्छ प्रिंट निघते. मगच्या एका बाजूला ती पुरेशी आहे, जर्सीच्या संपूर्ण छातीला नाही. कापडावर १५० पिक्सेलही चालून जातात, त्याखाली मात्र चेहरा धूसर होतो. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एवढी एक विनंती पाळली गेली तर आमचे अर्धे फोन वाचतील. मंडळाचे बोधचिन्ह बॅनरवरून मोबाइलने टिपून आलेले असेल, तर ते कोरलड्रॉ या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने रेखाटण्यावाचून गत्यंतर नसते, आणि आर्टवर्कचे पैसे मुख्यतः याच कष्टांचे असतात.

मगचे आर्टवर्क त्या मानाने सुटसुटीत आहे : वर-खाली काठाशी उष्णता कमी पोचते, म्हणून चार-पाच मिलिमीटर सोडायचे आणि कानाजवळ महत्त्वाचे काही ठेवायचे नाही. जर्सीचे तसे नाही. शिवून तयार झालेल्या टी-शर्टवर संपूर्ण छपाई केली, तर काखेत आणि शिवणीपाशी चुण्यांच्या पांढऱ्या रेषा राहतात. त्यामुळे पुढचा भाग, पाठ आणि बाह्या वेगवेगळ्या छापून मगच शिवल्या जातात. डिझाइन कापाच्या रेषेबाहेरही वाढवावे लागते, उष्णतेने कापड थोडेसे आकसते त्याचा हिशेब धरावा लागतो, आणि ३६ पासून ४४ पर्यंतच्या मापांत पट्टे शिवणीवर एकमेकांना जुळतील असे बसवावे लागतात. एकच चित्र ताणून मोठे केले की प्रायोजकाचे नावही ताणले जाते आणि ते प्रायोजकाच्या आधी स्पर्धेचे आयोजक पाहतात. प्रतिमा उलटी करण्याचे कामही आमच्याकडे फक्त प्रिंटर चालवणाऱ्याचे आहे. डिझायनरनेही उलटी केली तर दोनदा उलटून ती सरळ होते आणि कापडावर उलटी उमटते.

पावसाळ्यात कागद व कापड दमट होते, त्यामुळे छपाईआधी कापड काही सेकंद कोरडेच दाबून घेतो. त्यावर याहून अधिक सांगण्यासारखे नाही.

आता २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी स्वयंसेवकांचे जॅकेट, गळ्यातल्या ओळखपत्रांच्या पट्ट्या आणि पॉलिएस्टरचे ध्वज यांची विचारणा सुरू झाली आहे. प्रत्येक मंडळाचा भगवा वेगळा असतो, आणि तो कोणता हे शब्दांत कुणालाच सांगता येत नाही. त्यासाठी ध्वजाच्या कापडावर केवळ भगव्याचा एक स्वतंत्र तक्ता आम्ही केला आहे. निवडलेल्या चौकोनाशेजारी सही आणि तारीख घेतल्यावरच काम यंत्रावर चढते.