गुरुजींच्या लॅपटॉपला कोणती सिस्टीम?

खानापूरकडच्या एका निवृत्त गुरुजींना घेऊन त्यांचा पुतण्या बेळगावला आमच्या दुकानात आला. मागणी ठाम होती: "काकांच्या लॅपटॉपवर टेल्स टाका, नाहीतर क्यूब्स. सगळ्यात सुरक्षित तेच." दोन्ही विंडोजऐवजी चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीम.

सहाव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, वर विंडोज १०. तिचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते. पळवाटेनं ती बसते, पण पुढच्या अपडेटची हमी नसते; बँकेचे व्यवहार होणाऱ्या मशीनवर मी तसं करत नाही.

"गुरुजी, रोज काय काय करता यावर?" पेन्शनचं खातं, कर्नाटकच्या 'भूमी' या जमीन-नोंदींच्या साइटवरून शेताचा उतारा, मराठी पत्रं, कन्नड अर्ज. मग टेल्स कशी चालणार? ती पेन ड्राइव्हवरून चालते, बंद केली की मुद्दाम जपून ठेवलेलं सोडून सगळं विसरते, आणि इंटरनेट टॉरमधून, म्हणजे ओळख लपवणाऱ्या जाळ्यातून नेते. टॉरवरून आलेलं लॉगिन बँका अडवू शकतात. क्यूब्स प्रत्येक काम वेगळ्या आभासी यंत्रात (संगणकातल्या संगणकात) कोंडते. रचना फार चांगली, पण १६ जीबी रॅम असावी असं तिचे कर्तेच सांगतात.

शेवटी लिनक्स मिंट २२ ही मोफत सिस्टीम ठरली, अपडेट २०२९ पर्यंत. फाइली बाहेरच्या डिस्कवर काढल्या, डाउनलोड केलेल्या आयएसओ फाइलचा शा-२५६ (फाइल अस्सल असल्याचा ठसा) जुळवला, पेन ड्राइव्हवरूनच चालू करून वायफाय आणि प्रिंटर तपासले. बसवताना 'ॲडव्हान्स्ड फीचर्स'मध्ये एन्क्रिप्शन घेतलं, म्हणजे पासफ्रेजशिवाय (लांब पासवर्डशिवाय) डिस्क वाचता येत नाही. पासफ्रेज मात्र साध्या इंग्रजी अक्षरांतच ठेवायचा: मशीन सुरू होताना तो विचारला जातो, तेव्हा मराठी-कन्नड कीबोर्ड चालू झालेलेच नसतात. तो हरवला तर डेटा कुणालाच काढता येत नाही, म्हणून कागदावर लिहून लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे, कपाटात.

जुनी मराठी पत्रं उघडली तर नुसती चित्रविचित्र इंग्रजी अक्षरं. ती युनिकोडपूर्व फॉन्टमधली होती, म्हणजे तो फॉन्ट नसेल तर मराठी दिसतच नाही. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधली टीटीएफ फाइल होममधल्या .fonts मध्ये ठेवल्यावर वाचता आली. नवीन लिखाण इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीवर, मराठी आणि कन्नड दोन्ही.

मिंटमध्ये फायरवॉल आणि आपोआप अपडेट सुरुवातीला बंद असतात. दोन्ही चालू केले, सिस्टीम बिघडली तर आधीच्या स्थितीत नेणारं टाइमशिफ्टही लावलं. पुतण्याचं टॅली (हिशेबाचा प्रोग्राम) आणि डिजिटल सहीचं टोकन मात्र त्याच्या विंडोज ११ वरच राहू दिलं.