तात्पुरत्या वर्गांची मुदत

मुलीच्या खासगी शाळेच्या मैदानावर पत्र्याच्या चार तात्पुरत्या वर्गखोल्या उभारण्यास स्थानिक प्रशासनाने अखेर मंजुरी दिली. मंजुरीपत्र मी दोनदा वाचले. प्रत्येक खोलीला बाहेरच्या बाजूस उघडणारी दोन दारे असावीत, अग्निशमन बंबाला आतपर्यंत येता यावे आणि मुदत संपताच बांधकाम हटवून मैदान पूर्ववत करावे, या अटी रास्त आहेत. छपराखाली उष्णतारोधक थर देण्याची अट मात्र त्यात नाही. भर उन्हात पत्र्याखाली गणिते सोडवणाऱ्या मुलांचा विचार कोणी केलेला दिसत नाही. शिवाय ‘तात्पुरते’ या शब्दावर माझा फारसा विश्वास नाही, कारण कायमस्वरूपी इमारतीचा आराखडा अजून सादरच झालेला नसल्याने मुदतवाढीचा अर्ज येणार, हे उघड आहे. तोवर मधल्या सुट्टीतली पकडापकडी उरलेल्या अर्ध्या मैदानावर चालेल.