आजीचा आयिन

“हा उच्चार नाही जमला तरी चालेल, आता फारसं कोणी करत नाही,” आज हिब्रूच्या वर्गात बाई म्हणाल्या. अक्षर होतं आयिन.

मग जरा थांबून त्यांनीच तो करून दाखवला. पार घशाच्या तळातून, अरबीतल्या ऐनसारखा. “माझी आजी असं म्हणायची. १९४९ साली येमेनहून आली. आईला शाळेत मुली हसायच्या, तिने सोडून दिला.”

आणि फळ्याकडे वळल्या.

बावीस अक्षरं, त्यातल्या पाचांचं शब्दाच्या शेवटी रूप बदलतं, रोजच्या मजकुरात स्वरांच्या खुणा नसतात. हे सरावाने जमेल. पण आता बहुतेकांच्या तोंडी आलेफ आणि आयिन सारखेच, खेत आणि खाफ सारखेच. कुठे कोणतं लिहायचं ते पाठ करायचं. बाईंच्या आजीला ते नुसतं कानाने कळत असणार!

इस्रायलच्या रेडिओवर सुरुवातीची कित्येक वर्षं बातम्या सांगताना घशातला आयिन आणि खेतच प्रमाण मानला जाई. म्हणजे निवेदकाच्या तोंडी तो शुद्ध, आणि येमेनी घरातल्या मुलीच्या तोंडी हसण्याजोगा. हे मला फार लागलं.

आपल्याकडे ‘न’ आणि ‘ण’वरून वर्गात किती मुलं गप्प बसली असतील?

मी आयिन आजीसारखाच शिकायचा ठरवलाय. तुमच्या घरातला कुठला उच्चार असा कोणाच्या तरी हसण्याने गेला?