फळ्यावर कोणता शब्द लिहायचा?

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, गणिताचा तास संपल्यावर, चौथीतील एक मुलगी जागेवरून उठायलाच तयार होईना. मधली सुट्टी झाली, वर्ग रिकामा झाला, तरी ती बाकाला खिळून बसली होती. फ्रॉकला रक्त लागले होते आणि आपल्याला लागले आहे, पण कुठे ते कळत नाही, एवढेच ती सांगू शकत होती. तिला धीर द्यावा म्हणून मी म्हणाले, “घाबरू नकोस, तू मोठी झालीस.” त्यावर ती आणखीच रडू लागली आणि तिने विचारले, “मग आता मला पाचवीत नाही का येता येणार?” इतकी वर्षे शिकवूनही त्या क्षणी माझ्याजवळ उपयोगाचे एकही वाक्य नव्हते.

वयात येण्याची चिन्हे मुलींमध्ये साधारण आठ ते तेरा आणि मुलग्यांमध्ये नऊ ते चौदा या वयात दिसू लागतात आणि छातीत बदल सुरू झाल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते, हे मला वाचून माहीत होते. म्हणजे चौथी-पाचवीत याविषयी बोलणे लवकरचे नव्हते. काही मुलींसाठी तर उशीरच झालेला होता. मी मुख्याध्यापिकांकडे गेले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, “बाई, २००७ आठवतंय ना?” त्या वर्षी विरोधामुळे राज्यात शालेय लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी आली होती आणि तेव्हापासून ते दोन शब्द एकत्र उच्चारले की बैठक तिथेच संपते, असा त्यांचा अनुभव होता. शेवटी शाळा व्यवस्थापन समितीपुढे आम्ही विषय ठेवला तो ‘वाढते वय आणि सुरक्षितता’ या नावाने. याला कोणी भित्रेपणा म्हणेल, परंतु नाव बदलून परवानगी मिळत असेल, तर मी ते दहा वेळा बदलायला तयार होते.

आमची शाळा नाशिकच्या सिडको भागात असल्याने बरेच पालक अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत कामाला जातात, त्यामुळे शनिवारच्या पालकसभेला आया आणि आज्याच अधिक होत्या. एका आजींनी उभे राहून विचारले, “आम्हाला कोणी सांगितलं होतं? तरी झालोच ना मोठ्या?” मी उत्तर जुळवत असतानाच मागच्या रांगेतून एक आई म्हणाल्या, “झालो, पण धुतलेली फडकी अंधारात वाळत घालत झालो, आजी.” त्यानंतर सभेचा सूर बदलला. एका वडिलांनी मात्र मुलग्यांसमोर मुलींचे काही बोलू नये, असा आग्रह धरला आणि वाद नको म्हणून मी तो मान्य केला. ती माझी चूक होती.

पहिल्या वर्षी मुलग्यांना मैदानावर पाठवून मी मुलींशी बोलले. अर्ध्या तासात मैदानावर बातमी पसरली की आत मुलींना इंजेक्शने देत आहेत आणि नंतर आपला नंबर आहे. एक मुलगा तर दप्तर न घेताच फाटकापर्यंत पोहोचला होता. दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या दप्तरातील पॅड कोणीतरी बाहेर काढून वर्गभर फिरवले. ज्यांना काही सांगितलेलेच नव्हते, त्यांच्याकडून समजूतदारपणाची अपेक्षा मी कोणत्या तोंडाने करणार होते? पुढच्या वर्षी पालकांना हा प्रसंग जसाच्या तसा सांगितला आणि मुले-मुली एकत्र बसवली. फक्त प्रश्नांसाठी शेवटचा अर्धा तास वेगवेगळा ठेवला.

त्या तासाला मी फळ्यावर ‘पाळी’ हा शब्द लिहिताच पहिल्या बाकावरचा मुलगा उत्साहाने म्हणाला, “बाई, माझ्या पप्पांना या आठवड्यात रात्रपाळी आहे!” मुली तोंडावर हात धरून हसल्या, पण त्याने नकळत माझे काम सोपे केले होते. ठरावीक काळाने फिरून येते ती पाळी, मग ती कारखान्यातली असो की शरीरातली, असे मी सांगितले आणि पहिली एक-दोन वर्षे शरीराचे हे वेळापत्रक अनियमित असू शकते, हेही त्यात जोडता आले. ‘कावळा शिवला’ म्हणजे काय, हे विचारणारी मुले तर प्रत्येक वर्षी असतातच, एकीने विचारले होते, “कावळा दर महिन्याला आईलाच कसा शोधून काढतो?”

रक्त किती जाते, हे दाखवण्यासाठी मी बिटाचे पाणी नेले होते. खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून, थोडे थोडे करत, चाळीस मिलिलिटर पाणी मी पॅडवर ओतले. एका पाळीत साधारण तीस ते चाळीस मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे चहाचा लहान कपसुद्धा भरत नाही. पॅडने पाणी शोषून घेतले, वरून बोट लावले तर बोट जवळजवळ कोरडे. मागून आवाज आला, “एवढंच?” तो मुलग्याचा होता.

सगळे एकाच वेळी का वाढत नाहीत, हे समजावताना माझी गाडी संप्रेरकांवर (हार्मोन्सवर) अडली होती. तेवढ्यात निफाडकडे मामांची द्राक्षबाग असलेला एक मुलगा म्हणाला, “द्राक्षं पिकायला लागून मण्यात पाणी उतरतं तेव्हा एका घडात पण सगळ्या मण्यांत एकदम उतरत नाही, बाई.” त्यापुढे मी संप्रेरकांचे चित्र दाखवले खरे, पण ते कोणी फारसे पाहिले नाही.

सर्वांत अवघड गेली ती अवयवांची नावे. घरी मुलगा असो वा मुलगी, ‘शूची जागा’ एवढाच शब्द. गल्लीतले शब्द म्हणजे शिव्या. आणि शिश्न, वृषण, योनी हे पुस्तकातले शब्द एकाही मुलाने ऐकलेले नव्हते. मी ते घरी स्वयंपाक करताना मोठ्याने म्हणून पाहिले, कारण नेमक्या त्या शब्दाला माझाच आवाज खाली जात होता. वर्गात दोन मिनिटे हशा झाला, मी थांबले, मग कोपर आणि गुडघा यांच्याच रांगेत ही नावे लिहिली. कालिकेच्या यात्रेत हात सोडू नकोस, अनोळखी माणसाशी बोलू नकोस, हे प्रत्येक मुलाला सांगितलेले असते. पण लैंगिक अत्याचाराच्या बहुतेक प्रकरणांत माणूस ओळखीचा असतो आणि मुलाला जागेचे नाव घेता येत नसेल, तर ते सांगणार तरी कसे? यासाठीच मी १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक पाठ करून घेते. एक वचन मात्र मी मुलांना देत नाही: “मी कोणालाच सांगणार नाही.” असे काही कळले, तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे माझ्यावर बंधनकारक आहे.

प्रश्नांसाठी बुटांचे एक खोके ठेवले आहे. सगळ्यांनी चिठ्ठी टाकायची, प्रश्न नसेल तर कोरी. चिठ्ठ्या बहुतांशी शरीराविषयीच्या असतील, असा माझा अंदाज चुकला. ‘मी तिला डबा दिला की सगळे जोडी लावतात, म्हणून मी आता देत नाही’, अशी एक होती. ती वाचून दाखवल्यावर वर्गात बराच वेळ कोणी कोणाकडे पाहिले नाही. दुसऱ्या चिठ्ठीत होते, ‘पाळी आली की मुलगी शहाणी होते, मग मुलगे शहाणे कधी होतात?’

या प्रश्नाचे उत्तर पाचवीच्या मुलग्यांना देतानाच मी अजून अडते. आवाज फुटणे, मिसरूड फुटणे यांना आपल्याकडे सरळ शब्द आहेत. झोपेत वीर्य बाहेर येण्याला मात्र जो शब्द रूढ आहे, त्यात ‘दोष’ बसलेला आहे. ज्यात काहीही बिघडलेले नाही, त्याला ‘स्वप्नदोष’ म्हणून मुलाच्या मनात घोर लावायचा आणि मग तो काढत बसायचे, हे मला पटत नाही. दुसरा शब्द मी शोधला, सहकाऱ्यांना विचारले, एका डॉक्टरांनाही विचारले; त्यांनी इंग्रजी शब्द सांगितला. तेव्हा त्या दिवशी फळ्यावर मी शब्द लिहीत नाही, पूर्ण वाक्य लिहिते.