झडपा कुणाकडे आहेत?

सहावीच्या वर्गाला "गटात बसा" म्हटलं की पुढचं सगळं मला पाठ आहे. बाकं करकरत सरकतात, डोकी जवळ येतात, आणि थोड्याच वेळात एक जण लिहायला लागतो, दुसरा त्याला रंगीत पेनं पुरवतो, उरलेले तिघं गप्पा मारतात. मुखपृष्ठावर नावं पाच, आत अक्षर एकाचं. यात मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही, मोठ्यांचंही तेच होतं. रिंगेलमन नावाच्या एका फ्रेंच कृषी अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. ओढणारे वाढत गेले तसा दरमाणशी जोर उतरत गेला. त्यानं हे १९१३ साली छापलं. आमचे 'गटप्रकल्प' पाहायला तो असता तर त्याला दोराची गरजच पडली नसती.

म्हणून रक्ताभिसरणाचा धडा मी 'जिगसॉ' पद्धतीनं घ्यायचं ठरवलं. मूळ कल्पना मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरन्सन यांची. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि हिस्पॅनिक मुलं नव्यानंच एका वर्गात आली होती आणि शाळांमध्ये धुसफूस चालू होती. 'मिळूनमिसळून वागा' असा उपदेश करण्याऐवजी ॲरन्सननी धड्याचेच तुकडे केले. एका मुलाकडे एकच तुकडा. बाकीचा धडा हवा असेल तर शेजाऱ्याचं ऐकण्यावाचून गत्यंतर नाही.

मी पाच चिठ्ठ्या केल्या: हृदयाचे कप्पे, झडपा, रक्तवाहिन्या, फुप्फुसांतली देवाणघेवाण आणि रक्ताचे घटक. गट मीच पाडले. मैत्रीवर सोडलं असतं तर त्याच त्या चौकड्या जमल्या असत्या. आधी प्रत्येक गटातले झडपावाले एकत्र बसले, कप्पेवाले एकत्र, आणि आपला तुकडा कसा समजावायचा ते त्यांनी आपसांत पक्कं केलं. मग चिठ्ठ्या मी परत घेतल्या. हे फार महत्त्वाचं. कागद हातात राहिला की मुलं सांगत नाहीत, वाचून दाखवतात, आणि ऐकणारा तो हिसकावून उतरवून घेतो. शेवटी लेखी चाचणी, पण गुण ज्याचे त्याला. गटाला सरसकट गुण दिले की हुशार मुलं वैतागतात आणि बाकीची निर्धास्त होतात.

एका गटात वर्गात पहिली येणारी मुलगी होती. तिच्याच गटात खिडकीशी बसणारा एक मुलगा. हजेरीला 'हजर' म्हणतो, तेवढंच काय ते त्याचं बोलणं. झडपा त्याच्याकडे आल्या होत्या. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं सांगितलं, "हृदयात चार झडपा असतात." झालं, बसला गप्प. ती तणतणत माझ्याकडे आली.

"बाई, हा काही सांगतच नाही."

"तू काय विचारलंस?"

"सांग म्हटलं."

"हा प्रश्न झाला का?"

तोंड पाडून परत गेली. मी मुद्दाम दुसऱ्या गटाकडे वळले, पण कान तिकडेच होते. "पटकन सांग ना", "एवढंच होतं का चिठ्ठीत?" असं थोडा वेळ चाललं, आणि तो आणखीच आक्रसत गेला. मग गटातल्या रक्तवाहिन्यावालीनं, जिच्याकडे एरवी कुणाचं लक्ष नसतं, विचारलं, "झडप म्हणजे दारासारखी का? मग ती उघडते कुणीकडे?"

तो उठला आणि थेट वर्गाच्या दारापाशी गेला. आमचं दार बाहेर उघडतं. त्यानं ते आतून ढकललं, उघडलं. मग त्या पहिलीला व्हरांड्यात उभं करून दार लावून घेतलं. "आता बाहेरून ढकल." तिनं खांदा लावला. दार चौकटीवर आपटून घट्ट बसलं. "रक्ताचंपण असंच. पुढे जाताना उघडते. मागे यायला बघितलं की त्याच्याच दाबानं मिटते." ती दाराबाहेरूनच ओरडली, "म्हणजे लब-डब आवाज झडपा मिटल्याचा?" तो म्हणाला, "तेच तर होतं चिठ्ठीत." पुढची दहा मिनिटं त्या दारावर इतर गटांचीही रांग लागली. शेजारच्या वर्गातून निरोप आला की आवाज कमी करा.

चाचणीत त्या गटात झडपांचा प्रश्न कुणाचाच चुकला नाही. रक्ताच्या घटकांचा मात्र तिघांचा चुकला, कारण तो तुकडा त्या पहिलीकडे होता आणि तिनं तो घडाघडा म्हणून दाखवला होता. 'समजलं का?' असं तिनं एकदाही विचारलं नाही. स्वतःचे गुण सोडून ती बराच वेळ त्या तिघांच्या उत्तरपत्रिका वाचत बसली होती.

संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. इतरांना शिकवण्यात आपल्या मुलीचा वेळ का जावा, असं त्यांचं म्हणणं. रास्त प्रश्न आहे, आणि दरवर्षी कुणी ना कुणी तो विचारतंच. मी म्हटलं, तिला उत्तर येतं, समजावता येत नाही, आणि समजावता येत नसेल तर ते कुठेतरी कच्चं आहे. त्यांना ते अर्धंच पटलं. मग विषय घराकडे वळला. घरी ही आणि धाकटा भाऊ, सतत भांडणं. आवराआवरीच्या वेळी त्या काय म्हणतात ते विचारलं. "बघू, कोण आधी आवरतं!" बहुतेक घरांत हेच चालतं. शर्यत लावायची आणि वर विचारायचं की पोरं एकमेकांना मदत का करत नाहीत. मी सुचवलं, दोघांना दोन कामं वाटून देऊ नका, एकट्यानं होणारच नाही असं एक काम द्या. मोठी चादर घडी करायची, दोघांनी दोन टोकं धरायची.

पुढच्या आठवड्यात त्या शाळेत भेटल्या. चादरीची घडी होते म्हणाल्या. आता भांडण यावर, की टोकं जुळवायला चालत कुणी कुणाकडे जायचं. मी म्हटलं, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या, तुम्ही मध्ये पडू नका.